स्टुलाची जागा

परत आलेली पेटी आवाजावरून ओळखू येते. भरून निघालेली पेटी टेम्पोत ठेवली की धप्पकन बसते, दमलेली बाई पायरीवर बसावी तशी. परत आलेली पेटी उतरवताना मात्र तिच्या पोटात पाणी डुचमळतं. शनिवारी सकाळी तो आवाज ताईनं ओट्यापाशी उभ्या उभ्याच ऐकला आणि हातातलं फावडं तिथंच बर्फात खोचून ठेवलं.

"कुणाची रे, बोक्या?"

"आधी चहा घे," तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

"म्हणजे हॉटेलवाल्या बाईंची."

बोक्यानं मान खाली घालून पेटी ओट्यावर ठेवली. लहानपणी तो माशांच्या टोपल्यांशेजारी झोपायचा आणि जाग आली की डोळे उघडायच्या आधी नाक उघडायचा, म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. पुढे त्याला मिशा आल्या आणि नाव सुटायच्या ऐवजी जास्तच शोभायला लागलं. एरवी या नावावर तो स्वतःच दोन विनोद करून मोकळा व्हायचा. आज नाही.

ताईनं झाकण उघडलं. आतली प्लॅस्टिकची पिशवी तिनं काल स्वतःच्या हातानं गाठ मारून बंद केलेली होती. ही तिची नवी युक्ती. वितळलेलं पाणी बाहेर ठिबकायला नको आणि बाहेरची ऊब आत जायला नको. पण पिशवीत पाण्याचं तळं झालेलं, आणि त्यात बांगडे लोळत होते. डोळे आत गेलेले. कल्ले विटक्या कापडासारखे. तिनं एकाच्या पाठीवर बोट दाबलं. खळगा पडला, आणि पडूनच राहिला. ताज्या माशाचं अंग बोट काढल्याबरोबर वर येतं, जसं चिडवलेलं पोर लगेच उत्तर देतं. हा मासा काही बोलायला तयार नव्हता.

"काय म्हणाल्या बाई?"

"त्या तुला फोन करणार आहेत."

"तुला काय म्हणाल्या, ते विचारतेय मी."

बोक्यानं टोपी काढली, परत घातली. "म्हणाल्या, आई गेली ती हातही घेऊन गेली."

ताईनं आपल्या हातांकडे पाहिलं. बर्फानं लाल झालेले, करंगळी जराशी बाहेर वळलेली. आईचीही करंगळी अशीच होती. लोक म्हणायचे, लेकीनं आईचा हात उचललाय. आता कळत होतं, उचलली ती नुसती करंगळी.

आईला जाऊन महिना उलटून गेला होता. धक्क्याजवळच्या या शेडमध्ये तिनं अर्धं आयुष्य काढलं. पुढं स्टीलचा उतरता ओटा, बाजूला बर्फाची कोठी आणि मागं जाड दाराची गार खोली, एवढाच पसारा. होड्या दुपारी लागायच्या, संध्याकाळपर्यंत पेट्या भरून व्हायच्या, त्या रात्रभर गार खोलीत राहायच्या आणि पहाटे बोक्याच्या टेम्पोत चढायच्या. या ओट्यावर कुणी मासे 'भरत' नसे. मासे 'झोपवत'. हा आईचा शब्द. वरच्या बर्फाला ती पांघरूण म्हणायची, खालच्या बर्फाला गादी, आणि झोपवताना गुणगुणायची. आवाज काही फार गोड नव्हता, पण ठाम होता.

गादी घाला गार गार,
पोट खाली, पाठ वर,
पांघरूण ओढा मानेवर,
पाणी जाऊ दे खालून पार,
देवाला ठेवा वाट.

ताई आणि बोक्या हे ऐकतच मोठे झाले. पोट खाली का, तर पोटातलं पाणी निथळून जावं म्हणून. पाणी खालून पार का, तर पेटीच्या तळाला भोकं असतात, वितळलेला बर्फ रक्त-घाण घेऊन तिथून निघून जातो, म्हणून. एकेक ओळ म्हणजे एकेक काम. शेवटची ओळ तेवढी देवाची. आई कुठलंही काम करो, शेवटी देवाला आणल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरी भांडी घासली तरी शेवटचं पातेलं देवाच्या नावानं पालथं घालायची.

आणि पेट्या आत लावून झाल्या की ती गार खोलीत बसायची. खोलीच्या मागच्या बाजूला, वर टांगलेल्या मशीनच्या तोंडासमोर, तिचं एक लाकडी स्टूल असायचं. डोक्यावरून शाल घेऊन ती तिथं डोळे मिटून बसायची आणि देवाचं नाव घ्यायची. फार वेळ नाही, चहा निवतो तेवढाच. दारात आतल्या बाजूनं प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या लोंबत. त्या सारख्या हलत आणि एकमेकींवर आपटत. लहान असताना बोक्या म्हणायचा, "आई आत गाते आणि पट्ट्या टाळ्या वाजवतात." बाबा बाहेरून हाक मारायचे, "अगं, देवाला सर्दी होईल, ये आता!" आई आतून म्हणायची, "त्याला नाही होत. तुम्हाला होते."

खोलीत कितीही गर्दी असली तरी त्या जागी कुणी पेटी ठेवत नसे. "तिथं नको, तिथं मी बसते," एवढं तिचं एक वाक्य पुरे होतं.

फोन आला तेव्हा ताई परत आलेले मासे टोपलीत उपसत होती.

"हे बघ पोरी," हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या, "तुझी आई माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या हॉटेलात चारच टेबलं होती. तिच्या माशांवर मी मोठी झाले. मला तोंड वर करून बोलवत नाही गं तुला."

"बोला, बाई."

"परवाचे बरे होते. त्याआधीचे मऊ. आजचे तर पोहत आले! मी गिऱ्हाइकाला काय सांगू, आज बांगडा वाढायचा की प्यायला द्यायचा?"

ताईला हसू आलं नाही, पण बाईंनी हसायला जागा ठेवली हे तिला कळलं.

"उद्या रविवार," बाई म्हणाल्या. "उद्याची पेटी पाठव. ती नीट आली तर मी सगळं विसरले. नाही आली, तर मग मला दुसरीकडे बघू दे. आणि मनाला लावून घेऊ नकोस. हाताचा गुण असतो, तो काही कुणाला वाटून देता येत नाही."

फोन ठेवल्यावर ताईला दिसलं, की बाबा दारात जाळं सांधायचं थांबवून तिच्याकडे पाहताहेत. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. जाळ्याच्या गाठी मारायच्या, संध्याकाळी घरी जायचं, खाटेवर बसायचं. आज मात्र ते आपणहून बोलले.

"सोमवारी आइस्क्रीमवाला येतोय."

"कशाला?"

"किल्ली न्यायला. गार खोली त्याला देऊन टाकू. त्याला डबे ठेवायला हवीच आहे."

"बाबा! मला न विचारता?"

"लोक अजून 'वहिनींचे मासे' म्हणूनच मागतात ना?" त्यांनी सुई जाळ्यात टोचली. "तिच्या नावाला वास लागायच्या आत बंद केलेलं बरं."

बाबा रागानं बोलले असते तर भांडता आलं असतं. ते तर आईचं नाव ओंजळीत धरून बसले होते, आणि त्या ओंजळीतून थेंबही सांडू नये एवढीच त्यांची धडपड होती.

ताई बर्फाच्या कोठीत जाऊन उभी राहिली. काय करायचं बाकी ठेवलं होतं तिनं? पहिल्यांदा मासे मऊ निघाले तेव्हा बर्फ वाढवला. एवढा, की खालचे मासे चेपले. मग जाड थर्माकोलच्या नव्या पेट्या आणल्या. मग भोकांवर चिकटपट्टी लावली, मग या पिशव्या. मशीनवाल्या मिस्त्रीला बोलावलं. तो बिचारा भर दुपारी उन्हातून आला, रिकाम्या खोलीत स्टूल शोधून, ते न मिळाल्यानं पेटीवर चढून मशीन पाहून गेला. "ठणठणीत आहे. गार हवा फेकतंय. दाराजवळचा तापमानाचा काटाही बघा, बरोबर आहे," म्हणाला, आणि बरोबरच होतं त्याचं. मशीन बरोबर, बर्फ बरोबर, मासे होडीतून उतरतानाचे बरोबर. मग चुकीचं काय उरलं? ती दोन हातांकडे पुन्हा पाहू लागली.

दुपारी वृद्धाश्रमाचा आचारी आपल्या सायकलला रिकामी पेटी बांधून आला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. धुतलेली पेटी त्यानं ओट्यावर टाकली. ती टक् करून वाजली.

"ताई, एक तक्रार आहे," तो म्हणाला.

ताईनं डोळे मिटले. "तुमचेही मऊ आले का काका?"

"मऊ? अहो, मऊ कसले! दगड पाठवता का काय? कालच्या बांगड्यांवर दहिवर जमलेलं. सुरी चालेना. मी एकाला टेबलावर आपटला तर टेबल कुरकुरलं, तो नाही. आमच्या आजोबांना दात नाहीत हो, निदान माशांनी तरी नरम असावं!"

"थट्टा करू नका, काका."

"थट्टा नाही." त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "खरंच सांगतो. महिनाभर तुमचा मासा पहिल्यापेक्षा गार येतोय. वहिनी होत्या तेव्हापेक्षाही. आमच्या आजीबाई म्हणतात, आई गेली पण लेक आमचं ताट विसरली नाही."

तो गेल्यावर ताई बराच वेळ त्या रिकाम्या पेटीकडे बघत राहिली. एकच ओटा, एकच बर्फ, हेच दोन हात. एकाला दगड आणि दुसऱ्याला चिखल?

"बोक्या, आश्रमाला तू कुठल्या पेट्या देतोस?"

बोक्या टेम्पो धूत होता. पाण्याची नळी हातात तशीच वाहत राहिली. "असंच. कुठलीही."

"बोक्या."

"आईच्या जागेवरची," तो म्हणाला. "सगळ्यात वरची. त्या म्हाताऱ्यांवर तिचा जीव होता म्हणून."

म्हणजे आईच्या जागेवर जे राहतं ते ताजं राहतं. बाकी खोलीतलं नासतं. तिला दुसरं काही सुचलंच नाही. जे लहानपणापासून पाहिलं तेच सुचलं. आई तिथं बसायची, तिथं देवाचं नाव घ्यायची. तो गुण त्या जागेत उतरला असणार. आपल्या हातात नाही उतरला, जागेत उतरला. आता सगळ्या पेट्या काही त्या एका जागेत मावणार नव्हत्या. पण आपण एकटी तर मावू. जाऊन बसू. आईला म्हणू, एवढी एक पेटी सांभाळ. मग सोमवारी काय व्हायचं ते होवो.

स्टूल घरी होतं. बाबांच्या खाटेशेजारी, भिंतीला टेकवून. त्यावर आईची शाल घडी घालून ठेवलेली. ताई घरी गेली तेव्हा बाबा जेवून आडवे झाले होते. तिनं स्टुलाला हात लावताच ते उठून बसले.

"कुठं नेतेस?"

"गार खोलीत. बसायचंय मला. आई बसायची तिथं."

ताईला वाटलं, आता नको म्हणतील. पण बाबांनी शाल उचलली, झटकली आणि तिच्या खांद्यावर टाकली.

"डोक्यावरून घे. नुसती खांद्यावर नको."

"का?"

"वारं लागायचं तिला. डोकं धरायचं. मी किती वेळा म्हटलं, जरा बाजूला सरकून बस. ऐकेल तर शपथ."

"वारं?" ताई दारात थबकली. "आत कुठलं हो वारं, बाबा? आत पानसुद्धा हलत नाही."

"मला काय माहीत," बाबा म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. "मी कधी आत बसलोय?"

दुपार कलता कलता होड्यांचा माल आला. ताईनं त्या दिवशी पिशव्या बाजूला ठेवल्या, चिकटपट्ट्या सोलून काढल्या, पेट्यांची भोकं मोकळी केली. जे होईल ते आईच्या रीतीनं होऊ दे. गादी घातली, पोट खाली, पाठ वर. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता; आई गेल्यापासून या ओट्यावर कुणी गायलं नव्हतं. हॉटेलवाल्या बाईंची पेटी तिनं सगळ्यात शेवटी झोपवली आणि पांघरूण लहान मुलाला घालावं तसं चारी कोपऱ्यांनी नीट खोचलं. बोक्यानं पेट्या आत नेऊन लावल्या आणि टेम्पोत डिझेल भरायला गेला.

मग ती स्टूल घेऊन आत गेली.

दारातल्या पट्ट्या तिनं हातानं बाजूला केल्या. त्या मुकाट्यानं सरकल्या आणि मुकाट्यानं परत लोंबल्या. तिला आठवलं, आई गेली त्या आठवड्यातच या पट्ट्यांचा आवाज बंद झाला होता. तेव्हा ती बोक्याला म्हणाली होती, "बघ, खोलीलासुद्धा कळलंय." आणि बोक्यानं तोंड फिरवलं होतं.

आईच्या जागी पेट्यांची उतरंड उभी होती, थेट मशीनच्या तोंडापर्यंत. वरच्या पेटीच्या झाकणावर पांढरं दहिवर चढायला लागलेलं. स्टूल ठेवायला वीतभर जमीन नव्हती.

"आई," ताई मोठ्यानं म्हणाली, "जरा सरकून घे. मीही बसते."

तिनं वरची पेटी उतरवली. जड होती, छातीशी धरूनच खाली आणावी लागली. दुसरी उतरवली. तिसरी उतरवायला वाकली तेव्हा तिच्या डोक्यावरून काहीतरी गेलं. तिनं वर पाहिलं. कुणी नव्हतं. शाल खांद्यावरून सरकली होती आणि तिचं टोक हलत होतं.

ती एकेक पेटी काढत गेली. शेवटची काढून तिनं स्टूल मांडलं आणि बसली. बसताक्षणी गार वाऱ्याचा लोट तिच्या टाळूवर, मानेवर, कानांवर आला. एवढा, की तिनं घाईघाईनं शाल डोक्यावरून ओढली. अगदी बाबांनी सांगितली तशी. नाव घ्यायला तिनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच तिला ऐकू आलं.

टप्. टप्. टप् टप्.

पट्ट्या एकमेकींवर आपटत होत्या. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दारात, महिनाभर गप्प असलेल्या पट्ट्या टाळ्या वाजवायला लागल्या होत्या.

ताई उठली नाही. वारा आपल्या डोक्यावरून निघतो, छताखालून पुढं जातो, दारापाशी पोचतो, खाली उतरतो आणि पेट्यांमधून परत येतो, हे तिला बसल्या जागी कळत होतं; पायाच्या घोट्यांना आता तोच वारा उलट दिशेनं लागत होता. आणि तिच्या ओठांवर आपोआप ओळ आली. पांघरूण ओढा मानेवर. पाणी जाऊ दे खालून पार. देवाला ठेवा...

तिथं ती थांबली. तोंडावर हात ठेवला.

"ताई!" बोक्या धावत आत आला होता. पट्ट्या त्याच्या खांद्यांवर आपटत होत्या. "ताई, पट्ट्या... तू काय केलंस?" मग त्याचं लक्ष मागच्या बाजूला गेलं. स्टूल, शाल, डोक्यावरून पदरासारखी घेतलेली, तीच वळलेली करंगळी.

"ये इकडं," ताई म्हणाली. "इथं उभा राहा. डोकं पुढं कर."

तो आला. वाऱ्यानं त्याची टोपी उडवली आणि ती पेट्यांवरून घरंगळत गेली. एरवी दोघं हसली असती.

"हे महिनाभर कोंडलं होतं," ताई म्हणाली. "मशीन गार हवा फेकत होतं आणि ती समोरच्या पेटीवर आपटून तिथंच फिरत होती. मशीनला वाटत होतं, झाली खोली गार. ते आपलं गप्प बसायचं. आश्रमाच्या पेटीचा दगड होत होता आणि दाराकडच्या कोपऱ्यात बाईंचे मासे..." ती थांबली. "मिस्त्री आला तेव्हा खोली रिकामी होती. त्याला कसं दिसणार?"

बोक्या हळूहळू खाली बसला. गार फरशीवरच.

"मी ठेवल्या पेट्या इथं," तो म्हणाला.

"हो."

"स्टूल घरी नेलं ना, तर नुसती जागा राहिली. रोज पेट्या लावायला आत यायचं आणि ती जागा समोर. खायला उठायची गं. आपल्याला आई नाही हे सगळ्या शेडमध्ये एवढं कुठंच दिसत नव्हतं. म्हणून मी ती भरून टाकली. वरपर्यंत." त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. "आणि तू तिकडं स्वतःच्या हाताला दोष देत होतीस. बाबा किल्ली द्यायला निघाले. मला बोलायचं तरी काय..."

"वेडा आहेस."

"आहेच."

"उठ, बूड गारठेल. मिशा पिकायच्या आत मूळव्याध व्हायची."

त्याला रडता रडता हसू फुटलं, आणि हसता हसता जास्तच रडू आलं. ताईनं शालीचं एक टोक त्याच्या पाठीवर टाकलं. त्यालाही कळत होतं आणि तिलाही, की महिनाभरात दोघांनी मिळून रडलेलं हे पहिलंच.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसून विचारलं, "आईला माहीत होतं का गं? वाऱ्याचं? की ती नुसतीच बसायची, देवासाठी?"

ताईनं विचार केला. "तिला तू हे विचारलं असतंस, तर तिला प्रश्नच कळला नसता," ती म्हणाली.

मग दोघं उठली. पेट्या सगळ्या हलवल्या. भिंतीपासून सुटं अंतर, दोन उतरंडींच्या मध्ये हात जाईल एवढी फट, आणि मशीनच्या तोंडासमोर स्टूल. नुसतं स्टूल. बाईंची पेटी दाराच्या त्याच कोपऱ्यात ठेवली, जिथं मासे नासत होते. बोक्या म्हणाला, "ती तरी आज आईजवळ ठेव की." ताई म्हणाली, "नको. देवाची वाट खरी असेल तर तिथपर्यंत पोचेल."

रविवारी पहाटे पेटी गेली; बाई हॉटेलात नव्हत्या, म्हणून बोक्या ती तशीच ठेवून आला. रविवारभर फोन आला नाही. ताईनं देवापुढं दोनदा दिवा लावला आणि तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, त्यालाही रविवार आहे." महिनाभरानं त्यांनी थट्टा केली होती. ती त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आली, आणि ते जरा वेळ भिंतीकडं बघत बसले.

सोमवारी आइस्क्रीमवाला बोक्याच्या आधी पोचला. गोरागोमटा, हसरा माणूस. किल्ली घ्यायला दोन हात पुढं करूनच आला होता. बाबांनी किल्ली कमरेला लावलेली होती, पण तिच्याकडं हात नेला नाही. "टेम्पो येऊ दे," एवढंच म्हणाले. रविवारी संध्याकाळी पोरांनी त्यांना धरून आत नेलं होतं, स्टुलावर बसवलं होतं. ते शाल न घेता बसले. बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि म्हणाले होते, वाऱ्यानं.

आइस्क्रीमवाला तोवर खोली पाहून आला. "छान आहे. वारा काय सुरेख खेळतोय! पण काका, सगळी खोली नाही तर नाही. ते मागं एक स्टूल आहे ना, तेवढी जागा तरी द्या. रिकामीच तर आहे. माझे दहा-वीस डबे सहज मावतील."

"ती रिकामी नाही," बाबा म्हणाले.

"अहो, आत्ता पाहून आलो मी. कुणी नाही तिथं."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "तशीच ठेवायची असते ती."

एवढ्यात टेम्पो वळून आला. ताईनं हात पुसले, पण ओट्यामागून ती हलली नाही. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ती कान देऊन उभी राहिली. पेटीच्या पोटात पाणी डुचमळतंय का?

बोक्यानं पेटी उचलली आणि लांबूनच ओट्यावर फेकली.

टक्.

धुतलेली, कोरडी, रिकामी. तळाच्या भोकांमधून पलीकडचा उजेड दिसत होता.

"काही म्हणाल्या?" ताईनं विचारलं.

"म्हणाल्या, उद्या दोन पाठव." बोक्यानं टोपी मागं सारली. "आणि म्हणाल्या, तुझ्या ताईला सांग, हात परत आला."

ताईनं ती पेटी जवळ ओढली. तळाशी बर्फ पसरला, तळहातानं सारखा केला. बाबा दारात जाळं घेऊन बसले. आइस्क्रीमवाला जरा वेळ घुटमळला, त्यालाही चहा मिळाला, आणि तो पिऊन गेला. दुपारच्या होड्या लागायला अजून अवकाश होता, तरी ताई पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या पेटीत बर्फाची गादी नीट करत राहिली. आणि कधी सुरू झालं ते तिलाही कळलं नाही, पण बाबांची सुई जाळ्यात थांबली, कारण ओट्यावरून महिनाभरानं गाणं येत होतं. आवाज काही फार गोड नव्हता.